थुंकी दिली, मेंदूचा नकाशा आला: एका डीएनए रिपोर्टचं परीक्षण

पाचपैकी दोन तारे. एक एन्झाइमच्या पानाला आणि दुसरा फोनवर बोललेल्या समुपदेशक बाईंना. बाकीच्या चकचकीत पानांना, त्यातही मेंदूच्या पानांना, माझ्याकडून काही नाही.

परीक्षण आहे घरबसल्या थुंकी पाठवून मिळणाऱ्या डीएनए रिपोर्टचं. साध्या पॅकेजमध्ये पूर्वज कुठले, केस कसे, दूध पचतं का वगैरे गोष्टी असतात. जास्तीचे पैसे भरले की 'मद्य-प्रवृत्ती आणि मेंदू-जोडणी' असा वेगळा भाग उघडतो. तुमच्या जीन्समुळे मेंदूचे भाग एकमेकांशी कसे जोडले गेलेत आणि त्या जोडणीमुळे दारूकडे तुमचा ओढा किती, हे सांगू असा त्यांचा दावा. कंपनीचं नाव मी लिहीत नाही. असे रिपोर्ट विकणारे बरेच आहेत आणि थोड्याफार फरकाने सगळ्यांचा साचा एकच आहे.

मी एमआरआय टेक्नॉलॉजिस्ट आहे. लोकांची डोकी हेड कॉइलमध्ये नीट बसवायची, कानात बोळे घालायचे आणि 'आता अजिबात हलायचं नाही' असं बजावायचं, हे माझं रोजचं काम. त्यामुळे मेंदूची रंगीत चित्रं बघून मी हरखून जात नाही, ती कशी निघतात ते मला ठाऊक आहे. मी डॉक्टर नाही, जेनेटिक्सवालीही नाही. पण या विषयावर जे हाती लागेल ते वाचत आले, त्याला कारण घरातलंच. बाबा प्यायचे. शेवटी सुटली त्यांची, पण उशिरा. 'हे आपल्यातही उतरलंय का?' हा प्रश्न मी आणि दादा दोघंही मनात बाळगून मोठे झालो आणि एकमेकांशी त्यावर कधी बोललो नाही. मी दारूला शिवत नाही. दादा घेतो. किट त्यानेच मागवले, दोघांसाठी.

किटबद्दल तक्रार नाही. नळी, झाकणातलं टिकवण्याचं द्रव, बारकोड, परतीचं पाकीट. आधी अर्धा तास काही खायचं-प्यायचं नाही आणि थुंकी रेषेपर्यंत भरायची, फेस धरायचा नाही. सांगितलं की नेमकं तेव्हाच तोंड कोरडं पडतं, पण जमतं. खटकला तो ऑनलाइन संमतीचा फॉर्म. 'माझा डेटा संशोधनासाठी वापरायला हरकत नाही' या चौकटीत आधीच टिक केलेली होती. आमच्याकडे स्कॅनच्या आधी रुग्णाकडून एकेक प्रश्न विचारून सही घेतात. इथे मी स्वतः शोधून टिक काढली. दादाने काढली नव्हती, नंतर माझ्या सांगण्यावरून काढली.

आता चांगल्या पानाबद्दल. दारू म्हणजे इथेनॉल. यकृतात एडीएच नावाची एन्झाइम्स त्याचं अॅसिटाल्डिहाइड करतात आणि मग एएलडीएच२ हे एन्झाइम त्याचं निरुपद्रवी अॅसिटेट करतं. मधला पदार्थ, अॅसिटाल्डिहाइड, विषारी आहे. तो साचला की चेहरा लाल होतो, धडधड होते, मळमळतं. काहींच्या एडीएच१बी जीनमध्ये एका अक्षराचा असा फरक असतो की पहिली पायरी फार वेगाने होते. काहींच्या एएलडीएच२मध्ये असा फरक असतो की दुसरी पायरी जवळजवळ अडूनच बसते. दोन्हींचा परिणाम एकच. पिणं सुखाचं राहत नाही, त्यामुळे व्यसन लागण्याची शक्यता घटते. एएलडीएच२चा हा प्रकार पूर्व आशियात भरपूर आढळतो. जगात अंदाजे ५४ कोटी लोक तो बाळगून आहेत. आई आणि वडील दोघांकडूनही तो आला असेल, तर माणूस दारूच्या आहारी जाणं जवळपास अशक्यच. दारूच्या जेनेटिक्समध्ये एकाच जीनचा एवढा मोठा आणि इतका पक्का परिणाम दुसरा कुठलाही सापडलेला नाही.

रिपोर्टने हे दीड पानात सोप्या भाषेत सांगितलंय, आकृतीही नेटकी आहे. माझ्यात आणि दादात यातलं काही नाही, दोन्ही जीन्स सर्वसाधारण. ठीक आहे, हे खरोखर मोजलेलं उत्तर आहे. थुंकीतल्या डीएनएमध्ये ते अक्षर असतं किंवा नसतं, अंदाजाला जागा नाही.

या पानाला अर्धा गुण कापावासा वाटतो तो एका गाळलेल्या गोष्टीसाठी. ज्यांच्याकडे एएलडीएच२चा फरक एकाच बाजूने आलाय आणि जे तरीही पितात, त्यांना अन्ननलिकेच्या कॅन्सरचा धोका बराच जास्त असतो. काही जण चेहरा लाल होऊ नये म्हणून आधी अॅसिडिटीची गोळी घेतात. लाली दबते, अॅसिटाल्डिहाइड तिथेच राहतं. ज्याला हे पान लागू पडेल त्याला जीव वाचवणारी ओळ हीच आहे आणि नेमकी तीच नाही. 'संरक्षक जीन' असं हिरव्या अक्षरात लिहून मोकळे झालेत.

जाता जाता एक गोष्ट. बाबांना डॉक्टरांनी डायसल्फिरमच्या गोळ्या दिल्या होत्या. ते औषध हेच एएलडीएच२ बंद पाडतं. म्हणजे काही लोकांना जन्मतः मिळालेली अडचण गोळीने तात्पुरती तयार करायची. आई रोज सकाळी गोळी हातावर ठेवायची आणि बाबा तिच्यासमोर गिळायचे. त्यांना माहीत असायचं काय घेतोय ते. हे मुद्दाम लिहिते, कारण चहातून, भाजीतून गुपचूप देणारे लोक मी पाहिलेत. वर कोणी प्यायलं तर ते जिवावर बेतू शकतं. रिपोर्ट वाचता वाचता एवढा जुना धागा हाती लागला, याचं श्रेय त्या पानाला द्यायलाच हवं.

पुढचं पान उलटलं आणि मेंदू आला.

पूर्ण पानभर चित्र. काळ्या पार्श्वभूमीवर लाल, हिरव्या, निळ्या रेषांचा झुपका. खाली मथळा: 'तुमची मेंदू-जोडणी'. हे चित्र कशाचं असतं ते सांगते. डिफ्युजन एमआरआय नावाच्या स्कॅनमध्ये मेंदूतलं पाणी कुठल्या दिशेने सहज सरकतं ते मोजतात. मज्जातंतूंच्या जुडग्यात पाणी जुडग्याच्या लांबीला धरून सरकतं, आडवं कमी. त्यावरून कॉम्प्युटर रेषा काढतो. रंग ठरलेले असतात. डावी-उजवीकडे जाणाऱ्या रेषा लाल, पुढून मागे जाणाऱ्या हिरव्या आणि वर-खाली जाणाऱ्या निळ्या. म्हणून मधोमध लाल पट्टा दिसतो तो दोन्ही अर्धगोलांना जोडणारा कॉर्पस कॅलोसम. असं चित्र मिळवायला माणसाला मशीनमध्ये निजवून, डोकं न हलवता, खडखडाट ऐकत बराच वेळ पडून राहायला लावावं लागतं. मी किंवा दादा, कोणीही तसं निजलो नव्हतो. आम्ही नळीत थुंकलो होतो.

दोन्ही रिपोर्ट शेजारी उघडले. डाव्या कानाच्या वरच्या बाजूला रेषांचा एक छोटा झुपका मध्येच तुटलेला होता, जागेवरच्या काही दिशांचा डेटा बिघडला की दिसतो तसा. माझ्या रिपोर्टमध्येही आणि दादाच्याही. म्हणजे कुणा तिसऱ्याच माणसाच्या डोक्याचं चित्र, बहुधा विकत घेतलेलं, आणि त्याखाली 'तुमची'. दुसऱ्याच्या सातबाऱ्यावर माझं नाव टाकून मलाच तो विकण्यातला प्रकार. तळाला बारीक अक्षरात 'चित्र प्रातिनिधिक' असं आहे खरं, पण ते शोधायला मला फोन आडवा करून मोठं करावं लागलं.

बरं, चित्र सोडा, मजकूर तरी बघू. त्यात लिहिलंय की माझी 'आवेग-नियंत्रण जोडणी सरासरीपेक्षा कमकुवत' आणि 'बक्षीस-जाळं', म्हणजे मजा वाटली की जागे होणारे मेंदूचे भाग, 'अधिक संवेदनशील' आहे. हे थुंकीवरून कसं कळलं? संशोधनात खरंच काय सापडलंय हे माहीत असल्याशिवाय या वाक्यांची किंमत कळत नाही, म्हणून इथे जरा थांबते.

जीन्स आणि मेंदूची जोडणी यांचा संबंध आहे, यात वाद नाही. ब्रिटनच्या यूके बायोबँक प्रकल्पातल्या ८,४२८ लोकांच्या स्कॅनमधून काढलेली ३,१४४ मापं त्यांच्या डीएनएशी ताडून पाहिली गेली. तो अभ्यास २०१८ साली 'नेचर'मध्ये आला. २०२१ साली 'सायन्स'मध्ये आलेल्या दुसऱ्या अभ्यासात ४३,८०२ लोकांचं व्हाइट मॅटर, म्हणजे वर सांगितलेली जुडगी, तपासलं आणि त्यावर परिणाम करणाऱ्या १०९ जागा डीएनएमध्ये सापडल्या. तेव्हा तारा कशा विणल्या जातात त्यात वारशाचा मोठा वाटा आहे. पण जोडणी दोन प्रकारची असते, आणि रिपोर्टने दोन्हींची खिचडी केली आहे. एक रचनेची, म्हणजे प्रत्यक्ष तारांची. दुसरी कामाची. माणूस नुसता पडून असताना मेंदूचे कुठले भाग एकाच तालात वर-खाली होतात, त्यावरून काढलेली ती जोडणी. रचनेत वारशाचा वाटा जास्त दिसतो. कामाच्या जोडणीत बराच कमी, २०१८च्या अभ्यासात तर सगळ्यांत कमी त्याच मापांमध्ये.

याचं मला नवल वाटलं नाही. कामाच्या जोडणीचा स्कॅन घेताना मी बघते ना. डोळे उघडे की मिटलेले, झोप झाली होती का, डुलकी लागली का, चहा-कॉफी घेतली होती का, डोकं मिलिमीटरभर सरकलं का, सगळ्याने आकडे बदलतात. तोच माणूस पुन्हा आणून स्कॅन केला तर दोन भागांमधल्या एखाद्या जोडणीचा आकडा कितपत जुळतो, याचा एकत्रित आढावा २०१९ साली निघाला. पूर्ण जुळलं तर १ धरणाऱ्या मोजपट्टीवर सरासरी आली ०.२९. आणि हे झालं खऱ्याखुऱ्या स्कॅनचं. जे माप मशीनमध्ये दोनदा घेतलं तरी स्वतःशी पुरतं जुळत नाही, ते थुंकीवरून 'सरासरीपेक्षा कमकुवत' म्हणून छापायचं धाडस मला तरी झालं नसतं.

दारूशी असलेला दुवा याहून नाजूक आहे. रिपोर्टमध्ये बाणांची आकृती आहे: जीन्स, त्यातून जोडणी, त्यातून पिणं. सरळ एका दिशेने. प्रत्यक्षात तो बाण कुठून कुठे जातो हाच तर संशोधकांपुढचा मोठा प्रश्न आहे. दारूने मेंदू बदलतो, हे उघड आहे. २०२२ साली यूके बायोबँकच्याच ३६,६७८ लोकांवर झालेल्या अभ्यासात पिण्याचं प्रमाण वाढत जाईल तसा मेंदूचा आकार कमी आणि व्हाइट मॅटरची बारीक रचना ढासळलेली दिसली, दिवसाला एक-दोन युनिट, म्हणजे अगदी थोडी, घेणाऱ्यांतही. म्हणजे पिणाऱ्याच्या मेंदूत कमकुवत जोडणी दिसली, तर ती आधीची की नंतरची, हे एका स्कॅनवरून सांगता येत नाही.

'आधीची' म्हणायलाही पुरावा आहे, आणि मला स्वतःला तो सगळ्यात जास्त विचारात पाडतो. १९८४ साली हेन्री बेगलाइटर आणि सहकाऱ्यांनी दारूच्या आहारी गेलेल्या वडिलांच्या लहान मुलग्यांच्या डोक्याला इलेक्ट्रोड लावले. दारूची चवही माहीत नसलेली मुलं. महत्त्वाचा इशारा दिसल्यावर मेंदूतून साधारण ३०० मिलिसेकंदांनी उठणारी पी३०० नावाची लाट त्यांच्यात ठेंगणी निघाली. अलीकडे अमेरिकेतल्या एबीसीडी अभ्यासात ९-१० वर्षांच्या सुमारे ११,८०० मुलांचे स्कॅन घेऊन त्यांचा वर्षानुवर्षं मागोवा घेतला जातोय. पुढे १५ वर्षांच्या आत दारू, तंबाखू किंवा गांजा चाखलेल्या मुलांच्या पहिल्याच स्कॅनमध्ये मेंदूच्या रचनेचे काही फरक होते, असं २०२४ साली प्रसिद्ध झालं. आधीच चाखलेली मुलं वगळली तरी बरेच फरक टिकले. तेव्हा काहीतरी आधीपासून असतं. पण ते काहीतरी हजारो मुलांच्या सरासरीत दिसतं, आणि फरक इतका बारीक की एका मुलाचा स्कॅन हातात देऊन 'हा पिणार का?' विचारलं तर कोणीही शहाणा माणूस उत्तर देणार नाही. मेंदूची मापं आणि वागणं यांचा संबंध भरवशाने पकडायला हजारोंनी माणसं लागतात, हे २०२२ साली सुमारे ५०,००० लोकांचे स्कॅन एकत्र करून दाखवलं गेलंय. माझ्या रिपोर्टमधला 'अभ्यास' एका माणसाचा होता, आणि त्याचाही स्कॅन नव्हता.

आता व्यसनाच्या धोक्याच्या स्कोअरचं पान. माझा शेरा 'उच्च', दादाचा 'मध्यम'. दारूला न शिवणारी मी उच्च आणि घेणारा तो मध्यम. दादा हे पान सगळ्यांना दाखवत फिरला.

हा स्कोअर काढतात तो असा. दारूच्या व्यसनाशी जोडलेल्या डीएनएमधल्या असंख्य जागा, प्रत्येकीचा चिमूटभर परिणाम, सगळ्यांची बेरीज. २०२३च्या एका मोठ्या अभ्यासात दहा लाखांहून अधिक लोक होते आणि ११० पक्क्या जागा हाती लागल्या. संशोधन म्हणून जबरदस्त. पण एका माणसापुरतं बोलायचं तर ही सगळी बेरीज मिळूनही माणसामाणसांतल्या फरकाचा अगदी थोडा भाग सांगते. शिवाय २०१९ साली मोजलं तेव्हा अशा अभ्यासांतले सुमारे ७९ टक्के लोक युरोपीय वंशाचे होते. इतरांना लावल्यावर हे स्कोअर आणखी फिके पडतात. रिपोर्टमध्ये याबद्दल अवाक्षर नाही. 'उच्च' म्हणजे रांगेत माझ्यामागे किती लोक उभे आहेत तेवढंच. मला व्यसन लागण्याची शक्यता किती, हा आकडा वेगळा, आणि तो छापलेला नाही. छापला असता तर दोघांमधला फरक पाहून दादालाच हसू आलं असतं.

त्यातही आणखी एक घोळ आहे. किती पितो आणि पिण्याने आयुष्य विस्कटतं का, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, जीन्सच्या पातळीवरसुद्धा. अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या २०१९च्या अभ्यासात या दोहोंमधला आनुवंशिक संबंध ०.५२च्या आसपास आला (पूर्ण जुळलं तर १), म्हणजे काही जुळतं, पण बरंच नाही. रिपोर्टचा स्कोअर यातल्या कशाचा आहे, हे मी लेखी विचारलं. उत्तर आलं: 'आमचं अल्गोरिदम सर्वंकष आहे.' बरं.

'डोपामाइनचा बक्षीस-जीन' (डोपामाइन म्हणजे मेंदूत मजेचा निरोप पोचवणारं रसायन) हे पान मात्र कागदावर असतं तर मी फाडूनच टाकलं असतं. १९९० साली डोपामाइनशी संबंधित डीआरडी२ जीनच्या एका खुणेचा, म्हणजे डीएनएमधल्या माणसागणिक बदलणाऱ्या एका जागेचा, दारूच्या व्यसनाशी संबंध असल्याचा बोलबाला झाला. नंतरच्या अभ्यासांत तो कधी दिसला, कधी नाही. पुढे तर कळलं की ती खूण डीआरडी२मध्ये नाहीच, शेजारच्या एएनकेके१ जीनमध्ये आहे. इतक्या जुन्या, डगमगत्या गोष्टीवर दोन रंगीत पानं, आणि वर 'तुम्हाला आनंद मिळवायला इतरांपेक्षा जास्त लागतं' असं वाक्य. मला आनंदाला काय लागतं ते या लोकांनी सांगायचं! अशीच निवडक खुणांची यादी घेऊन अफूवर्गीय औषधांच्या व्यसनाचा धोका सांगणाऱ्या, १५ खुणांच्या एका चाचणीला अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०२३च्या डिसेंबरमध्ये मंजुरी दिली, तेव्हा जेनेटिक्सच्याच अनेक जाणकारांनी जाहीर विरोध केला. सरकारी शिक्का असला तरी यादी ती यादीच.

मग विचारायला काय हवं होतं? साधा प्रश्न: 'सुरुवातीला चढायला किती लागायची?' दादाची फुशारकी लहानपणापासूनची, म्हणजे घ्यायला लागल्यापासूनची, हीच आहे की मला चढत नाही. मित्रांना घरी सोडणारा तोच. आपल्याकडे याला 'पचते' म्हणतात आणि कौतुकाने म्हणतात. अमेरिकेतले मार्क शुकिट यांनी दशकानुदशकं व्यसनी वडिलांच्या तरुण मुलांवर काम केलं. ठरावीक मात्रा देऊन कोणाला किती चढते ते पाहिलं, आणि मग वर्षानुवर्षं त्यांचा पाठपुरावा केला. ज्यांना कमी चढत होती, तेच पुढे व्यसनात जास्त गेले. 'पुरे आता' हा शरीराचा इशारा ज्याला उशिरा मिळतो, तो तोवर जास्त रिचवतो. या गुणातही वारशाचा वाटा आहे. संपूर्ण रिपोर्टमध्ये याचा उल्लेख नाही. प्रश्नावलीतही विचारलेलं नाही. नखांची वाढ कशी आहे, ते मात्र विचारलंय.

आणि घरचा इतिहास. १९७३ साली डेन्मार्कमधल्या दत्तक मुलांवरचा अभ्यास आला. जन्मदाते व्यसनी, पण मुलं दुसऱ्याच घरी वाढलेली. तरीही त्यांच्यात व्यसनाचं प्रमाण इतर दत्तक मुलांच्या जवळपास चौपट. जुळ्यांच्या आणि दत्तकांच्या अभ्यासांचा गोषवारा काढला तर दारूच्या व्यसनात वारशाचा वाटा सुमारे ५० टक्के येतो. हा आकडा रिपोर्टच्या पहिल्याच पानावर मोठ्या अक्षरांत आहे, पण वाचणाऱ्याला वाटेल की आपल्याला व्यसन लागायची शक्यताच ५० टक्के. तसं नाही. समाजातल्या माणसामाणसांत जो फरक दिसतो त्यातला निम्मा जीन्सच्या फरकामुळे, एवढंच. एकट्या माणसाचे असे दोन भाग पाडता येत नाहीत. तर मुद्दा हा की 'वडील प्यायचे' ही तीन सेकंदांत सांगता येणारी माहिती आज तरी या स्कोअरपेक्षा जास्त कामाची आहे, आणि ती आम्हाला पैसे न भरता आधीच मिळालेली होती.

अशा रिपोर्टचा दुष्परिणाम काहीच नाही असं मात्र समजू नका. २०१९ साली एका प्रयोगात लोकांना व्यायामाशी किंवा भूक भागण्याशी संबंधित जीनचा निकाल सांगितला, काहींना खरा आणि काहींना मुद्दाम उलटा. 'तुमचा जीन वाईट' असं ऐकलेल्यांची शरीरंसुद्धा तशी वागायला लागली, खरा जीन काहीही असो. आमच्याकडे उलट बाजूने झालं. 'मध्यम' वाचून दादाचा हात सैल सुटला. वहिनी म्हणाली, "वन्सं, त्या कागदाने आमच्याकडे परवाना आणलाय." मी दादाला शुकिटांबद्दल सांगितलं तर म्हणतो, "तुझा उच्च आलाय म्हणून जळतेस."

वहिनीला आता मुलाची टेस्ट करायची होती. तो अजून शाळेत आहे. इथे समुपदेशक बाई कामी आल्या. पॅकेजमध्ये एक फोन कॉल मिळतो, तो वहिनीने घेतला, मी स्पीकरवर ऐकत होते. बाईंनी कंपनीची भलामण न करता सरळ सांगितलं की मुलांसाठी हा भाग घेऊ नका, त्यातून तुम्हाला वेगळं काही करायचं कळणार नाही. आजोबांचं माहीत आहे ना, मग त्याने पहिला घोट जितका उशिरा घेतला तितकं बरं, घरात कोण किती घेतं ते त्याला दिसतं, आणि त्याच्याशी बोला. विक्रीचा एकही शब्द नाही. वहिनीने मग दादाकडे बघितलं. दादा गॅलरीत गेला.

कोणी घ्यावा हा रिपोर्ट? थोडी घेतली तरी ज्यांचा चेहरा लाल होतो आणि ज्यांना खात्री करायची आहे, त्यांना एन्झाइमचं पान उपयोगी पडेल, पण तेवढ्यासाठी डॉक्टरांना सांगून साधी चाचणीही होऊ शकते. ज्यांना स्वतःच्या पिण्याची काळजी वाटते त्यांनी हे पैसे वाचवून तेवढ्यात व्यसनमुक्तीच्या डॉक्टरांकडे जावं. तिथे 'ऑडिट' नावाची दहा प्रश्नांची, जागतिक आरोग्य संघटनेने तयार केलेली प्रश्नावली भरून घेतात, आणि ती तुम्ही आत्ता काय करताय ते विचारते. मेंदूची चित्रं आवडतात म्हणून कोणी घेणार असेल तर एखाद्या संशोधन प्रकल्पात स्वयंसेवक व्हा. खरी निघतील, आणि तुमचीच असतील.

ज्यांनी आधीच घेतलाय त्यांच्यासाठी: समुपदेशकाचा कॉल हक्काने मागा, तो मेनूत खोल लपवलेला आहे. स्कोअर कुठल्या अभ्यासावरून काढला आणि त्यात तुमच्या वंशाचे लोक किती होते, हे लेखी विचारा. आणि खातं बंद केलं म्हणजे सगळं पुसलं असं धरू नका. खात्यातला डेटा, तुमच्या संमतीने संशोधनाला गेलेला डेटा आणि प्रयोगशाळेत उरलेली थुंकी, या तीन वेगळ्या गोष्टी आहेत आणि तिन्हींसाठी विनंती वेगळी करावी लागते. माझ्या पहिल्या दोन मान्य झाल्या. थुंकीचं उत्तर अजून यायचंय, आलं की इथेच खाली टाकते.